शेवटचा हात

कारखान्यात मशीन बंद पडलं की लोटन मास्तर आधी मशीनकडे जात नसत. ते पत्र्याच्या स्टुलावर बसायचे, पान्हा मांडीवर आडवा ठेवायचे आणि त्या दिवशी त्या मशीनला ज्याचा ज्याचा हात लागला असेल त्याला एकेक करून समोर बोलवायचे. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. कारागीर असो, झाडूवाला असो, नाहीतर शेठचा भाचा असो, सगळ्यांना प्रश्न एकच. "शेवटला हात कोना?"

म्हणजे शेवटचा हात कोणाचा. मास्तर मूळचे धुळ्याकडचे, पण सुरतेत चाळीस वर्षं काढूनही त्यांच्या जिभेवरची अहिराणी जागची हलली नव्हती. अंगाने किडकिडीत, उंची बेताची, आवाज मात्र असा की कापड विणणारे ऐंशी लूम धडधडत असताना शेवटच्या लूमवरचा माणूस दचकायचा. त्या धडधडीने त्यांचे कान जवळपास गेले होते. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून वाचत. त्यामुळे प्रश्न विचारला की त्यांची नजर आपल्या डोळ्यांवर नसायची, ओठांवर असायची. त्या नजरेसमोर खोटं बोलणं सोपं नव्हतं. मी बोललो. तेच सांगायला हे लिहायला बसलो आहे, आणि लिहिताना माझं डोकं तापलेलं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांच्या प्रश्नाला लोक काय उत्तर देत ते सांगायला नको. "मी काहीच केलं नाही मास्तर, आपोआप झालं." या वाक्याने त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पान्हा खणकन खाली पडायचा. "आपोआप? आपोआप फकत केस पिकतस, भो! बाकी समदं कोन्ही तरी करस!" मग जरा दम घेऊन म्हणत, "सांगी टाक. मी वरडसू, पन शेठले सांगनार नही." आणि हा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. ओरडत भरपूर, अगदी आई-बाप काढून ओरडत, पण कोणाची चूक शेठच्या कानावर त्यांच्या तोंडून गेली असं कारखान्यात कोणाला आठवत नव्हतं.

एकदा चौदा नंबरच्या लूमवर दर वीतभर कापडामागे एक आडवी रेघ यायला लागली. मास्तरांनी तिथल्या कारागिराला तीनदा विचारलं. ते तीनदाच विचारत, चौथ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी तो गडी पुटपुटला की लूमच्या पायाखालची लाकडी पाचर काढून त्याने आपल्या टेबलफॅनखाली लावली होती. "पण मास्तर, पंख्याचा अन् रेघेचा काय संबंध?" मास्तरांनी पाचर परत जागच्या जागी ठोकली, रेघ गेली, आणि मग त्या गड्याची जी हजामत झाली ती मी दाराबाहेरून ऐकली आहे. "संबंध शे का नही ते मी देखसू! तू कोन ठरावनारा? तू फकत सांग! जे करं ते सांग, आनि पहिले जसं व्हतं तसं करी ठेव!"

मास्तरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. केलेलं सांगायचं आणि होतं तसं करायचं. शाळा त्यांची चौथीतच सुटली होती. आज माझं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, भिंतीवर तीन सर्टिफिकिटं टांगलेली आहेत, आणि मास्तरांच्या त्या दोन वाक्यांपलीकडचं काही मला अजून सापडलेलं नाही.

माझे वडील सुरतेजवळच्या सचिन गावातल्या त्या कारखान्यात मास्तरांच्या हाताखाली लूम चालवत. मी लिंबायतच्या आमच्या गल्लीतला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला पहिला पोरगा, त्यामुळे माझी मान तेव्हा जरा ताठच असायची. शेठना साड्यांच्या कापडाचे फोटो लॅपटॉपवर घेऊन बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना दाखवायचे होते. मास्तरांनी शब्द टाकला आणि मला नोकरी लागली. कारखान्यात सगळे मला "कॉम्प्युटर" म्हणू लागले. मास्तर मात्र विज्याच म्हणत आणि लॅपटॉपला म्हणत "तुनं मशीन".

कॅमेरा शेठच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि डिजिटल कॅमेरा मी तोवर फक्त मासिकात पाहिला होता. आजच्या पोरांना हसू येईल, पण त्याला मागे पडदा नव्हता. किती फोटो काढले तो आकडा तेवढा दिसायचा. फोटो बघायचे तर जाड वायरीने कॅमेरा लॅपटॉपला जोडायचा, आणि मग मिनिटाला एक या बेताने फोटो खाली उतरत. त्याला चार पेन्सिल सेल लागत. सगळी गोम त्या सेलमध्ये होती, कारण सेल संपले किंवा काढले की आतले फोटो पुसले जात. भिंतीच्या प्लगावर चालवायचा अडॅप्टर सोबत आला होता, पण तो तिकडच्या एकशे दहा व्होल्टचा. भाच्याने पहिल्याच दिवशी तो आपल्या दोनशे वीसमध्ये खुपसला आणि जाळला. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "आपोआप बळी गयो." आपोआप जळला म्हणे. मास्तर त्याच्यावरही ओरडले. शेठचा भाचा असला म्हणून काय झालं!

लॅपटॉपच्या बाबतीत शेठनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "आ लॅपटॉपमां कोईनी फ्लॉपी नाखवानी नथी, समज्यो?" कोणाची फ्लॉपी यात घालायची नाही. माझ्या आधीच्या ऑपरेटरला त्यांनी याच कारणावरून हाकललं होतं. आणि एका गुरुवारी सकाळी मी नेमकं तेच केलं. हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा माझा एक मित्र डिजिटल डायरी घेऊन आला होता. नावं आणि फोन नंबर साठवायचं तळहाताएवढं यंत्र. मला त्याच्यासमोर मिरवायचं होतं. त्याच्या फ्लॉपीवरून डायरीचा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकला, कॅमेऱ्याची वायर जिथे लागते तिथेच डायरीची वायर लावली आणि त्याच्या ओळखीच्यांची नावं पडद्यावर आणून दाखवली. दहा मिनिटांचा खेळ. मित्र चहा पिऊन गेला आणि मी कामाला लागलो.

त्याच दुपारी शेवंताबाईंचा हात गेला.

शेवंताबाई परभणीकडच्या. नवरा बांधकामावर मजूर, त्या आमच्याकडे बॉबिन भरायच्या मशीनवर. त्या मशीनचा पट्टा उघडा होता. त्यावर जाळी बसवा म्हणून मास्तर दोन वर्षं शेठच्या मागे लागले होते, आणि शेठ दोन वर्षं "थई जशे, थई जशे" म्हणत होते. होऊन जाईल म्हणे. त्या दिवशी धागा गुंतला म्हणून बाई वाकल्या, बांगडी पट्ट्यात अडकली आणि पट्ट्याने हात चाकात ओढून नेला. मास्तर धावले, मेन स्विच पाडला, हाताने चाक उलटं फिरवून त्यांनी हात सोडवला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

बाईंना टेम्पोतून दवाखान्यात पाठवून मास्तर परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं. मी कापडाचे फोटो काढायला तिथेच होतो, कॅमेरा गळ्यात. ते थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "फोटो काढ. आठे काढ. हाई फ्रेम देख, हिले एक बी छेद नही. जाळी लावाले छेद लागतस. जाळी आठे कधीच नव्हती, समजनं?" मी चार फोटो काढले. उघडा पट्टा, बिनभोकाची लोखंडी फ्रेम दोन बाजूंनी, आणि चाकाच्या खोबणीत अडकलेली हिरव्या बांगडीची काच.   मास्तर रागाने लालबुंद झाले होते आणि कोणावर ओरडावं ते त्यांना कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी कामावर गेलो तर पट्ट्यावर जाळी! फ्रेमला चार भोकं, भोकांत चार बोल्ट, वरून हिरवा रंग. शेठनी रातोरात वेल्डर आणला होता. वर ज्याला त्याला सांगत होते, "जाळी तो हती ज. मास्तरे तेल आपवा काढी, ने पाछी लगाडी नहीं." म्हणजे जाळी होतीच, मास्तरने तेल द्यायला काढली आणि परत लावली नाही. दिवसाढवळ्या, ज्यांनी कालपर्यंत उघडा पट्टा पाहिला त्यांच्या तोंडावर! आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो. माझे वडीलसुद्धा. प्रत्येकाला आपली नोकरी दिसत होती. दुपारी चार वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. बाईंचा हात मास्तरांच्या हलगर्जीपणाने गेला की शेठच्या, हे त्यांच्या कागदावर चढणार होतं. मास्तरांच्या बाजूने साक्ष द्यायला अख्ख्या कारखान्यात फक्त ते चार फोटो होते.

साडेबाराला शेठ रिंग रोडच्या मार्केटात गेले आणि मी काचेच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. मास्तर आपलं स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले. मी वायर जोडली, कॅमेऱ्याचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली की पोर्ट उघडता येत नाही. म्हणजे वायर लागते ते लॅपटॉपचं दार उघडत नाही. वायर काढून परत लावली. तीच पाटी. लॅपटॉप बंद करून चालू केला. तीच पाटी. कॅमेऱ्यासोबतच्या फ्लॉपीवरून प्रोग्राम पुसून नव्याने टाकला, त्यात पाऊण तास गेला, आणि शेवटी तीच पाटी.

मास्तरांनी वायर माझ्या हातातून घेतली. लूमवर सूत तपासतात तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवली. "वायर बरी शे." मग सूत ओवायचा बारीक हूक खिशातून काढला आणि लॅपटॉपच्या त्या भोकात साचलेली सुताची धूळ अलगद बाहेर काढली. मला वाटलं, झालं! पण तरीही तीच पाटी. तेव्हा मास्तरांनी दारात घुटमळणाऱ्या माझ्या वडिलांना बाहेर घालवलं, दार ओढून घेतलं आणि स्टूल माझ्यासमोर सरकवलं.

"शेवटला हात कोना?"

"माझाच, मास्तर."

"काय करं व्हतं?"

"काही नाही. नेहमीसारखे फोटो उतरवले होते. बुधवारपर्यंत चालत होतं."

"बुधवारलोंग चालत व्हतं, मंग आज काय झायं?"

आणि मी म्हणालो, "आपोआप बंद झालं."

ते ओरडले. मला अपेक्षाच होती. पण ओरडण्याआधी क्षणभर ते माझ्या ओठांकडे बघत राहिले होते, तो क्षण मला जड गेला. फ्लॉपीची गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर होती. ती मी गिळली. मनात म्हणालो, नावं-पत्त्यांच्या डायरीचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध? तो प्रोग्राम तर मी आज चालूसुद्धा केलेला नाही. उगाच सांगून बसायचं आणि शेठना कळलं तर पायावर धोंडा. चौदा नंबरच्या त्या कारागिराला मी दाराबाहेर उभा राहून हसलो होतो, आणि आता शब्दशः त्याचंच वाक्य मनात म्हणत होतो!

दोन वाजता त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. "नवं काय टाकं? काय काढं? आठव." मी मान हलवली आणि फोटो उतरण्याच्या वेगाचे आकडे बदलत बसलो. मास्तर, ही सेटिंग चुकली असेल, मास्तर, तो ड्रायव्हर जुना असेल. मी त्यांना इंग्रजी शब्द ऐकवत होतो, कारण त्या शब्दांपुढे ते गप्प बसतात हे मला ठाऊक होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंब चालवणाऱ्याला आग कुठे आहे याची शंका येऊनसुद्धा तो तिकडे वळत नव्हता. हो, शंका आली होती. आली नव्हती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

सव्वातीनला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सेल उतरले होते. नवे सेल माझ्या खणात पडून होते, पण जुने काढले की फोटो गेले. मास्तरांना मी ते समजावून सांगितलं. त्यांनी पान्हा मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला, माझ्या अगदी जवळ आले आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज खाली होता. चाळीस वर्षांत कोणी ऐकला नसेल इतका खाली.

"विज्या, मी वरडनार बी नही. सांग."

मी म्हणालो, "खरंच काही केलं नाही, मास्तर. मशीनच बिघडलंय."

त्यांनी चौथ्यांदा विचारलं नाही. तीन चाळीसला कॅमेऱ्यावरचा चारचा आकडा विझला.

चार वाजता शेठ आणि इन्स्पेक्टर साहेब एकाच गाडीतून उतरले. साहेबांनी जाळी पाहिली, बोल्ट पाहिले, वही काढली आणि सगळ्यांना उद्देशून हिंदीत विचारलं, "इस मशीन को आखिरी बार हाथ किसने लगाया?"

मास्तरांचाच प्रश्न. आमच्यापैकी प्रत्येकाची मान खाली गेली. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "मैंने. कल सुबह तेल दिया."

"तब जाली निकाली?"

"जाली थीच नहीं, साहब. कभी नहीं थी. छेद देखो, नया है. रंग देखो, गीला है."

"रंग तो कल ही करवाया, साहब," शेठ हसून म्हणाले. साहेबांनी लिहिता लिहिता मास्तरांना विचारलं की जाळी नव्हती याचा काही पुरावा आहे का. मास्तर माझ्याकडे वळले. "इसने फोटो निकाला था."

आता शेठही माझ्याकडे वळले. नुसते बघत राहिले. आणि इथे मला स्वतःचा जेवढा संताप येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही. फोटो गेले असतील, पण ते काढणारा मी तिथेच उभा होतो ना! माझे दोन डोळे शाबूत होते, तोंड शाबूत होतं. साहेब, जाळी नव्हती, मी पाहिलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. फोटो मला हवे होते ते मास्तरांसाठी, असं मी समजत होतो. मला ते हवे होते कारण फोटो बोलले असते तर मला बोलावं लागलं नसतं.

मी म्हणालो, "कॅमेरा खराब है, साहब. फोटो नहीं आए."

वहीत चढलं ते असं: शेवटचा हात मास्तरांचा, त्यांच्याच कबुलीने. बाईंनीही सावधगिरी बाळगली नाही. जाळी जागेवर आहे. खरं बोलणाऱ्या एकट्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य उचललं आणि तेच त्याच्या गळ्यात बांधलं. मास्तरांनी पान्हा पत्र्याच्या स्टुलावर ठेवला, माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते फाटकाबाहेर गेले. कारखान्यात पुन्हा आले नाहीत. मी आलो. शनिवारी सकाळी, वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून.

तीन आठवड्यांनी शेठच्या भाच्याने लॅपटॉप मागितला. त्याला डायरीचा प्रोग्राम दिसला तर माझं बिंग फुटेल म्हणून मी घाईघाईने तो पुसला, आणि सहज म्हणून, नवे सेल घालून, साड्यांचे दोन-चार फोटो काढून कॅमेरा जोडून पाहिला. एका क्षणात जोडला गेला. नव्याने काढलेले साड्यांचे फोटो पडद्यावर एकामागून एक उतरायला लागले. तो प्रोग्राम लॅपटॉप चालू केला की आपण होऊन उठायचा आणि डायरीची वाट बघत ते दार आतून अडवून बसायचा. चाळीतल्या मोरीत कोणीतरी कडी लावून बसावं आणि आपण बाहेरून दाराच्या बिजागऱ्या बदलत राहावं, तसे तीन तास मी काढले होते. मास्तरांना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी फ्लॉपीचं सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. पहिले जसं व्हतं तसं करी ठेव. दोन मिनिटांचं काम होतं.

त्या रविवारी कोसाडला मास्तरांच्या घरी गेलो. ते दारातच एका शिलाई मशीनचे पुर्जे मांडून बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: मित्र, फ्लॉपी, डायरी, दार अडवून बसलेला प्रोग्राम. ते माझ्या ओठांकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी घरात हाक दिली, "पानी दे वं याले. त्या दिवशी बी याना व्हट असाच कोरडा व्हतात."

म्हणजे माझे कोरडे ओठ पाहून त्यांना तेव्हाच कळलं होतं! माझाही तोल गेला. "कळलं होतं तर कॉलर का नाही धरली माझी? दोन थोबाडीत का नाही दिल्या?"

आणि मग ते ओरडले. असे ओरडले की शेजारपाजारची दारं उघडली. "मनं काम इचारनं! तीनदा इचारं! सांगनं तुनं काम व्हतं! मारीसन काढेल गोष्ट खरी ऱ्हास का?" त्यांचा आवाज फाटला. हातातला पुर्जा त्यांनी अंगणात भिरकावला, मग स्वतःच उठून तो शोधून आणला आणि फडक्याने पुसत बसले. मान वर न करताच म्हणाले, "माले काय सांगस? मना हात साबूत शेतस. शेवंताले सांग."

मी पाणी प्यायलो आणि निघालो. शेवंताबाई तिथून दोन गल्ल्या सोडून राहत होत्या. मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. मग नोकरी सोडली, मग दुकान टाकलं, आणि ते पुढे ढकलणं माझ्या अंगवळणी पडलं.

मास्तरांनी पुढची काही वर्षं पर्वत पाटिया भागात एका दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीनं दुरुस्त केली. मी रस्त्याच्या पलीकडून जाताना त्यांचा आवाज ऐकू यायचा. एखादी बाई मशीन घेऊन आलेली असायची आणि ते तिला दरडावत असायचे, "आपोआप कसं तुटनं? शेवटला हात कोना?" माझ्याशी ते बोलत नसत. दिसलो तर नजर माझ्या ओठांवर यायची, जरा थांबायची आणि परत कामाकडे वळायची. मी शेवंताबाईंना सांगितलं की नाही, हे ते बहुधा तसंच तपासत असावेत.

ते गेले तेव्हा दशक्रियेला तापीच्या काठावर बरीच माणसं जमली होती. कितीतरी जुने कारागीर आले होते, त्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर मान खाली घातलेले. आता डोळे पुसत होते. मला त्या सगळ्यांची चीड आली, माझ्यासकट. शेवंताबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. विधी आटोपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. पदराखालचा उजवा हात त्यांनी पदराखालीच ठेवला होता.

"भाऊ, मास्तर लई मोठा मानूस होता," त्या म्हणाल्या. "माझा हात अडकला होता तव्हा चाक उलटं फिरवलं त्यान्नी. लोक म्हनले त्यान्नीच जाळी काढली. मला ठावं होतं, जाळी नव्हतीच. पन माझं कोन ऐकतंय?" मग त्यांनी विचारलं, "त्या फोटोचं काय झालतं हो, भाऊ?"

मास्तर नव्हते. माझ्या ओठांकडे बघणारं आता कोणी नव्हतं. शेठची भीती नव्हती, नोकरी जाण्याची भीती नव्हती, कसलीच भीती नव्हती. आणि मी म्हणालो, "मशीन बिघडलं होतं, शेवंताबाई."

"अस्सं," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने पदर सावरत निघून गेल्या.

माझ्या दुकानात रोज कोणीतरी येतं, लॅपटॉप काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. मी त्यांच्यावर ओरडतो. गिऱ्हाइकं म्हणतात, मालक फार तापट आहे. त्यांना काय माहीत मी कोणावर ओरडतो ते! हे लिहून झालं की हा कागद घेऊन मी कोसाडला जाणार आहे. शेवंताबाईंना वाचता येत नाही, तेव्हा मलाच वाचून दाखवावा लागेल, मोठ्याने, त्यांच्यासमोर बसून. शेवंताबाई, मशीन बिघडलं नव्हतं. शेवटचा हात माझा होता.